खळ लावलेली चित्रं

१६ जानेवारी १९७३

न्हाय, चोरलं न्हाय. मागून आनलंय. दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा मागायच्या आत हात पुढं गेला, एवढंच.

ईरम्माला हे पटलं न्हाय. चुलीपुढनं म्हनली, "अक्का, विधवा बाईनं पिठाच्या गिरनीत जाऊन असले धंदे करायचे व्हय?" मी म्हनलं, "नवरेवालीला सवड कुटं असती गं."

त्याचं असं झालं. गिरनीवाल्या महादेवप्पाच्या भितीवर नवं कॅलेंडर. वर गाय, खाली बारा म्हयने. गाय पांढरी, गळ्यात घंटा, मागं हिरवं रान. म्हनलं, मालक, ही गाय द्या की बालवाडीला. तो म्हनला, वरीस संपू द्या बाई, डिसेंबरात न्या. म्हनलं, तंवर माझी पोरं लग्नं करून तुमच्याकडं दळान घेऊन येतील. दळनाला आलेल्या बाया हसल्या. तो दाना ओतायला वळला, तेवढ्यात मी गाय फाडून घेतली. बारा म्हयने खिळ्यालाच ठेवले. त्याचं काय बी अडलं न्हाय.

वही नवी हाय, म्हनून एकदा लिवून ठेवते. बालवाडी म्हंजे पत्र्याची एक खोली. अक्कलकोट रोडला दुष्काळी काम चाललंय, खडी फोडायचं, त्याच्या कडंला. गावोगावची मानसं येऊन पडलीत. त्यांची बारकी पोरं आमच्याकडं. मी शिकवायला, ईरम्मा दूध उकळायला आन् सुकडी वाटायला. सुकडी म्हंजे सरकारचं भाजलेलं गोड पीठ. पोरं शिकायला येत न्हाईत, सुकडीला येतात. मला ठावं हाय, त्यांना बी ठावं हाय.


१९ जानेवारी

बालवाडी चालवनाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी वेणीमाधवराव आले. धोतर खडीच्या धुळीतनं वर धरून. म्हनले, "दाक्षायणीबाई, दृक्‌साधनं कुठं आहेत?"

मी म्हनलं, बसलीत की सगळी खाली, नाकं पुसायलीत.

हसले न्हाईत. चाळीस वर्सं मास्तरकी केलेला मानूस, हसू त्यातच सरलं असंल. मग समजावून सांगितलं. दृक्‌साधन म्हंजे बघून शिकायची वस्तू. तक्ते. फळांचा, फुलांचा, प्रान्यांचा, वाहनांचा. पुन्याला छापून मिळतात, त्याचा कागद दाखवला. किंमत वाचली आन् कागदाची जशी होती तशी घडी घालून परत दिला.

"फेब्रुवारीअखेर तपासणी आहे. भिंतीवर तक्ते नसले तर अनुदान बंद."

"आन् अनुदान बंद म्हंजे?"

"म्हणजे सगळंच. दूध, सुकडी, तुम्ही, मी."

म्हंजे भितीवर आंबा न्हाय दिसला तर पोटात सुकडी न्हाय. असलं गनित आमच्या गावच्या शाळेत न्हवतं. मी सातवी पास हाय, पन हे सुटंना.


२२ जानेवारी

दोन दिस नुसती फिरते. चहाच्या पुड्याचं पान, साबनाचा कागद, काडेपेटीवरचा घोडा. बियानाच्या दुकानातनं टमाट्याचं मोठं चित्र मिळालं. टावेलच्या कारखान्यात गठ्ठ्यावर चिकटवायची लेबलं असतात, तितं गेले. मोर, हत्ती, आगगाडी, पोपट. कारकून म्हनला, बाई, तुमाला पोरं किती?

म्हनलं, तीस-पस्तीस. मालक वारल्यावर झाली सगळी.

त्याचा चहा नाकातनं आला. लेबलांचा गठ्ठा दिला गुमान.

मोर लई झाले. हत्ती एकच.


२५ जानेवारी

आज चित्रं पोरांना दाखवली. अजून चिकटवली न्हाईत, नुसती हातात धरून.

गाय दाखवली. पार्वतम्माची महादेवी म्हनली, "बाई, ही मरायलीय व्हय?"

म्हनलं, का गं?

"पोट फुगलंय."

बरोबर हाय तिचं. दोन वर्सं तिनं गाय बघितली ती बरगड्यांची. पोट फुगलेली बघितली ती मेलेली. कॅलेंडरवरची धट्टीकट्टी गाय तिला आजारी वाटायली.

संत्रं दाखवलं, चेंडू म्हनली सगळी. द्राक्षं दाखवली, महादेवी म्हनली करडाचे डोळे हायत. नदी दाखवली, तर एक बोललं, रस्ता. मी म्हनलं, पानी हाय रे, वाहतं पानी. सगळी हसली. बाई कायतरी गंमत करायली म्हनून. माझी सवयच तशी, त्यांचं तरी काय चुकलं.

ही महादेवी मंगळवेढ्याकडची. पाच-सहा वर्सांची असंल. बाप सांगलीकडं गेला तो गेला. आई खडी फोडती, मांडीवर बारकं घेऊन. पोरीचा बांधा काडीचा आन् जीभ हातभर. काल मी फळ्याकडं तोंड करून उभी, हिनं माझा पदर दाराच्या कडीला बांधला. मी चालले तशी मागं वढले गेले. सगळी पोरं लोळून हसली. मी बी मग हिच्या चिंधीच्या बाहुलीला मिशा काढल्या. पोरगी लाज वाटायची सोडून दिवसभर त्या बाहुलीला "बाबा" म्हनायली.

माझ्यासारखीच हाय. मला पोर झालं असतं तर असंच खोडीचं झालं असतं.


१ फेब्रुवारी

भांडन. मोठं.

चित्रं चिकटवायला खळ पायजे. सूत गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यांचे पुठ्ठे आनले, चित्रं कापली, सगळं तयार. म्हनून सुकडीच्या पोत्यातलं ओंजळभर पीठ घेतलं आन् शिजवाय टाकलं. ईरम्मानं उलथनं माझ्या हातावर मारलं. खरंच मारलं.

"येन अक्का, काय ह्ये! पोरं तळ चाटत्यात आन् तू पीठ भितीला चारतीस?"

म्हनलं, भितीला न्हाय चारलं तर पोरांचं बी बंद हुनार हाय.

"मग बंद हुईल तवा हुईल. आज ह्ये पोरांचं हाय."

ती शिजत आलेली खळ तिनं दूधपानी घालून पातळ केली आन् वाटली पोरांना. मी बघत उभी. ईरम्माशी बोलायचं न्हाय असं ठरवलं. दुपारपर्यंत टिकलं.


३ फेब्रुवारी

सायझिंगमधला संगप्पा माझ्या वारलेल्या मालकांच्या वळखीचा. त्याच्याकडं गेले. सुताला कडक करायला तितं खळीच्या मोठाल्या कढया असतात. तळाची उरलेली डबाभर दिली. फुकट. म्हनला, "वैनी, आंबट व्हायच्या आत वापरा."

अंबिलीसारखा वास येतो. खोटं का बोलू, मला बी भूक लागली.


७ फेब्रुवारी

तक्ते लागले! चार. फळं, प्रानी, पक्षी, गाड्या. पक्ष्यांत मोर लई, म्हनून एकाला शेपूट कापून कोंबडा केलाय. तपासनीला येनाऱ्या पुन्याच्या बाईला कळनार न्हाय. पोरं तोंड वर करून बघत बसली. महादेवी सगळ्यांना शिकवायली, माझ्यासारखा एक हात कमरेवर ठेवून. "हे काय? न्हाय, चेंडू न्हाय. संत्रं म्हन. म्हन की, मुडद्या."

मुडद्या मी म्हनत न्हाय. बहुतेक.


१२ फेब्रुवारी

सुकडीची गाडी गेल्या आठवड्यापासनं आली न्हाय. दूध पावडर बी न्हाय. ईरम्मा चूल पेटवून नुसतं पानी तापवती, धूर दिसला की पोरं थांबतात म्हनून. दुपारी सगळी जमिनीवर आडवी. शिकवायचं काय? मी प्रान्यांचे आवाज काढते. माकडाला तेवढी हसतात.

तक्त्यांचे खालचे कोपरे गेलेत. संत्रं अर्धं न्हाय. टमाटा सगळाच गेला. पुठ्ठ्यावर नुसता पांढरा डाग.

उंदीर.


१४ फेब्रुवारी

सेक्रेटरी येऊन तक्ते बघून गेले. कपाळाला हात लावला. "तपासणी बारा दिवसांवर आली आणि तुम्ही उंदीर पाळलेत?" पुन्हा नवी चित्रं शोधा, पुन्हा लावा. न्हायतर ते वर कळवनार, बालवाडी तयार न्हाय म्हनून.

बाजारात वह्या-पुस्तकं बांधनारा बाइंडर हाय, त्याला इचारलं. तुमच्या पुस्तकांना उंदीर का लागत न्हाईत? म्हनला, खळीत मोरचूद टाकतो. उंदीर, झुरळ, कसर काय बी शिवत न्हाय.

मोरचूद आनला. निळा, लई देखना. वाटून खळीत टाकला. खळ आभाळाच्या रंगाची झाली. सगळी चित्रं नव्यानं लावली. टमाट्याच्या जागी मोर.


१७ फेब्रुवारी

आज दूध आलं. पावडरचे डबे आले एकदाचे. ईरम्मानं मोठ्या पातेल्यात उकळलं, पोरं भांडी घेऊन रांगेत. कितीतरी दिसांनी आवाज झाला खोलीत.

दिवस मावळायला पार्वतम्मा पळत आली. महादेवी ओकायली. आनखी दोन पोरांना बी झालंय. हिरवं-निळं ओकतात म्हनली. जाते.


१८ फेब्रुवारी

महादेवी गेली.

सकाळी. सरकारी दवाखान्यात खाली सतरंजीवर. खाटा न्हवत्या. अंगात काय न्हवतंच तिच्या, चार वेळा ओकली तशी पोरगी रिकामी झाली. बाकीची दोन वाचतील म्हनतात.

डॉक्टर म्हनले, पातेल्याला कल्हई होती का? तांब्या-पितळेत कळकलेलं अन्न खाल्लं की असं हिरवं पडतं.

पार्वतम्मा पोरीच्या एका कानाची बाळी काढून मुठीत घट्ट धरून बसली होती.


१९ फेब्रुवारी

कामावरचे लोक आले. ईरम्माचं पातेलं रस्त्यावर फेकून दगडानं ठेचलं. खडी फोडनारी मानसं, हात बसलेला. पातेल्याचं पान झालं.

ईरम्मा सांगायली, संक्रांतीच्या आधी कल्हई केलीय, कल्हईवाल्याला बोलवा, इचारा. ऐकतंय कोन. एक बाई तिच्या झिंज्या धरायली, मी मधी पडले. मला कोन काय बोललं न्हाय. "बाई, तुमी बाजूला व्हा, तुमाला काय करायचं न्हाय" म्हनले. मी बाजूला झाले.

सेक्रेटरींनी तिला काढून टाकलं. पोलीस येऊन जबाब घेऊन गेला. पुन्हा येनार हाय.


२० फेब्रुवारी

पातेलं मी बघितलं. ठेचलेलं, पन आत कल्हई हाय. चांदीसारखी.


२१ फेब्रुवारी

पोरं येत न्हाईत. खोलीत एकटीच होते. तक्त्याजवळ खाली बसले. पोरं बसतात तितं, तेवढ्या उंचीवर डोळे नेऊन.

पुठ्ठा खरवडलाय. मोरांची शेपटं गेलीत. उंदराचे दात असे नसतात. बारक्या नखांच्या रेघा, वरनं खाली, एकमेकीला लागून. एका जागी ओल्या बोटानं पुसून घेतल्यासारखं. निळं सगळं निघालंय. चाटून पुसून.

दूध न्हवतं ते. दूध सगळ्यांनी प्यालं. आजारी पडली ती ह्या तक्त्यापुढं बसनारी.

उंदरासाठी टाकलं होतं. पोरांनी खाल्लं.


२२ फेब्रुवारी

सांगायला पायजे.


२४ फेब्रुवारी

न्हाय सांगितलं. सेक्रेटरींच्या दारापर्यंत गेले. आत त्यांची नात मोठ्यानं पाढे म्हनायली. परत आले.

ईरम्माला पोलीस चौकीत नेलं होतं दिवसभर. बसवून ठेवलं, सोडलं. पुन्हा बोलावनार. केस झाली तर आत जाईल. तिला नवऱ्यानं टाकलंय, भाऊ दारात घेत न्हाय. बालवाडीची चूल तेवढं घर तिला.


२६ फेब्रुवारी

तपासनी झाली. बाई पुन्याच्या, चष्मा, किनारीची पांढरी साडी. आमी मेलेल्या पोरीचं काय सांगायचं म्हनून घाबरलो, तर त्यांना आधीच कळलं होतं. "स्वयंपाकिणीची चूक. दुर्दैव" म्हनल्या आन् वळल्या तक्त्यांकडं. मी काल नखांच्या रेघांवर नवे मोर लावले होते. टाचन्या मारून.

बाईंनी तक्ते हातानं चाचपले. लेबलं कुटनं, पुठ्ठे कुटनं, खळ कुटनं, सगळं इचारलं. खर्च काय? काय न्हाय. बाई एकदम खुश. कोंबड्याकडं बघून म्हनल्या, हा कोंबडा जरा वेगळा दिसतो. म्हनलं, दुष्काळातला हाय.

हसल्या. मी असं बोलू शकले अजून, ह्याचं मलाच कसंतरी वाटलं.

मग म्हनल्या, जिल्ह्यातल्या सगळ्या बालवाडी-ताईंचं शिबिर हाय अकलूजला. तुमी यायचं आन् हे करून दाखवायचं. सगळ्या बालवाड्यांत असेच तक्ते व्हायला पायजेत. "आणि उंदरांचा बंदोबस्त कसा केलात तेही सांगा. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही काहीतरी युक्ती केलीत."

सेक्रेटरी असे फुलले होते, जसे काय मोर त्यांनीच घातलेत.

अनुदान मंजूर. सुकडी चालू.


१ मार्च

ईरम्माकडं गेले. झोपडीत बसलीय, दार पुढं केलेलं. मी आपली सवयीनं म्हनलं, काय गं, नवरा आत हाय का काय, दार लावून बसलीस.

चुलीतली राख उकरत म्हनली, "अक्का, माझ्या हातनं झालं असंल का गं? कल्हई कुटं उडाली असंल. मला दिसलं नसंल."

म्हंजे आता तिला बी वाटायलंय की तिनंच मारली.

मी तिच्या हातचा चहा पिऊन आले. गूळ न्हवता. प्याले.


४ मार्च

उद्या अकलूज. सेक्रेटरींनी माझ्यासाठी नवं पातळ आनायला सांगितलं बायकोला. लेबलांचा गठ्ठा बांधलाय. डबा घासून ठेवलाय. मोरचुदाची पुडी बी दिली सेक्रेटरींनीच, बाजारातनं आनून, करून दाखवायला. "सगळ्यांना थोडी थोडी वाटा" म्हनले.

जिल्ह्यात किती बालवाड्या असतील. सगळीकडं पोरं उपाशीच. सगळ्या पोरांना नखं हायतच.


५ मार्च, अकलूज

उसाचा वास. हितं पानी हाय, कॅनॉल. रस्त्यानं हिरवं बघून डोळे दुखले. शाळेच्या हॉलमधी बाया बसलेल्या, वही-पेन्सिल घेऊन. पुन्याच्या बाईंनी माझी लई तारीफ केली. मी पुढं गेले. पुठ्ठा ठेवला, मोर ठेवला. डबा उघडला न्हाय. पदरातनं सुई-दोरा काढला आन् मोराला टाके घालायला लागले.

बाई म्हनल्या, "अहो, खळ?"

म्हनलं, खळ न्हाय लावायची. टाके घाला. वेळ लागतो, लागू द्या.

"का पण? छान चिकटतं की खळीनं."

म्हनलं, पोरं खातात.

हॉलमधी एकदोघी हसल्या. माझा तोंडवळाच तसा, मी काय बी बोलले तरी बायांना गंमत वाटती. मी पुन्हा म्हनलं. पोरं खळ खातात. माझ्या पोरांनी खाल्ली. उंदीर लागू नये म्हनून मी त्यात मोरचूद टाकला होता. त्यातलीच एक मेली. ईरम्माच्या पातेल्यात काय बी न्हवतं, कल्हई नवी हाय, कुनी बी बघावं.

मग कोन हसलं न्हाय. संगं आलेले सेक्रेटरी उठून बाहेर गेले. मी टाके पुरे केले. मोर पुरा झाल्यावर खाली बसले.


८ मार्च

मला वाटलं आता पोलीस माझ्याकडं. आला बी. जबाब लिवला. उंदरासाठी टाकलं का? व्हय. पोरं खातील हे माहीत होतं का? न्हाय. अंगठा न्हाय, सही केली. बघून म्हनला, शिकलेल्या दिसता. मग म्हनला, अपघात हाय बाई, घर म्हनलं की उंदीर आले, औषध आलं.

सेक्रेटरी म्हनले, "हेतू वाईट नव्हता. तुमचा प्रामाणिकपणा मोठा." पुन्याच्या बाईंचा निरोप आला, सगळीकडं टाके घालूनच तक्ते करायला सांगितलंय. माझं नाव घेऊन.

ईरम्माला परत घेतलं. नवं पातेलं आलं. तिनं माझा हात धरून डोळ्याला लावला. "अक्का, तू बोललीस म्हनून मी सुटले. दुसरी कोन असती तर बोलली नसती."

हात वढून घेतला. म्हनलं, चूल बघ, दूध उतू जाईल.


१० मार्च

पार्वतम्मा आली. मी दारात उभी राहिले. म्हनलं, मार मला. खडीची हातोडी आनलीय का, मार.

तिनं हातोडी खाली ठेवली. मांडीवरचं बारकं, दीड वर्साचं, माझ्याकडं दिलं. मी घेईना, तर माझ्या कमरेवर बसवलं तिनंच.

म्हनली, "बाई, तुमी काय जानून केलं व्हय? उंदरासाठी टाकलेलं. आमच्या घरात बी टाकत्यात. पोरीच्या नशिबात तसं होतं. तुमचा लई जीव होता तिच्यावर, सगळ्यांना ठावं हाय. आता ह्याला तुमी बघा. कामावर ह्याला ऊन लागतंय."

आन् हातोडी उचलून गेली खडी फोडायला.

पोरगं माझ्या अंगावर झोपलं. लाळ गळायली खांद्यावर. भितीवरचे टाके घातलेले मोर बघायला पोरं परत यायलीत. दूध वाटून झालं. ईरम्मा गानं म्हनायली चुलीपुढं, कन्नडात. सगळं पैल्यासारखं.


११ मार्च

उंदीर न्हवतेच.

वहीत बी खोटं लिवलं. टमाटा गेला त्या दिशी मी दारातनं बघितलं होतं — महादेवी टमाटा सोलून मागची खळ चाटायली. मला बघून हसली. मी बी हसले, आन् मनात म्हनलं थांब, तुझी आता जिरवते. अंगावरचं दूध तोडायला बाया कडू लावतात, तसं. मोरचूद मी तिच्यासाठी टाकला. बाइंडरनं सांगितलं होतं, इखारी हाय, हात धुवा. मी धुतले. आन् दाराआड उभी राहिले, ती तोंड कसं वाकडं करती ते बघायला.

तिनं केलं न्हाय. तिला भूक होती. मी तिला थांबवलं न्हाय.